तेव्हा तिथे कोण होतं?

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात विल्यम्सटाउन नावाच्या गावी 2016 सालापासून नोहाचं तारू (बायबलमधल्या महापुरात प्राणी वाचवणारं जहाज) उभं आहे. बायबलमधल्या मापांवरून बेतलेलं, लाकडी, तब्बल 510 फूट लांब. आतल्या पिंजऱ्यांत प्राण्यांचे पुतळे आहेत आणि त्यांत डायनोसॉरही आहेत. देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली, पृथ्वीचं वय जेमतेम सहा हजार वर्षं, डायनोसॉर आणि माणूस एकाच आठवड्यातले, असं हे तारू बांधणाऱ्या संस्थेचं म्हणणं. यालाच सृष्टिवाद म्हणतात. संस्थेचे संस्थापक केन हॅम मुलांना एक प्रश्न शिकवतात. कोणी ‘कोट्यवधी वर्षांपूर्वी’ म्हणालं की लगेच विचारायचं, ‘तेव्हा तुम्ही होतात का?’

आपल्याकडे हाच प्रश्न जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादला ऐकू आला. वैदिक संमेलनाला आलेले तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, कारण माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांपैकी कोणी लिहिलेलं नाही की सांगितलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं. हे गृहस्थ मुंबईचे माजी पोलीस आयुक्त, म्हणून मला जास्त नवल वाटलं. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नसेल तर गुन्हा घडलाच नाही, असं कुठला पोलीस अधिकारी म्हणेल? बोटांचे ठसे, रक्ताचे डाग, फोनचे तपशील यांवर खटले उभे राहतातच की.

पण आधी धर्मग्रंथाचं बघू. कारण ‘बायबल म्हणतं म्हणून’ हा दावा विज्ञानाच्या आधी बायबलवरच तपासायला हवा, आणि तो वाद ख्रिस्ती लोकांमध्येच दीड हजार वर्षांहून जुना आहे.

अक्षरशः अर्थ घेणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा आहे. सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी विसावा घे, कारण देवानेही सहा दिवसांत आकाश, पृथ्वी, समुद्र घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला. इथे दिवस म्हणजे युग असं म्हणायचं तर आठवड्याच्या सुट्टीचा हिशेब कसा लावणार? आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 साली वंशावळ्या आणि राजांच्या कारकिर्दी जोडत सृष्टीचा मुहूर्तच काढला: इसवी सनापूर्वी 4004, ऑक्टोबरची 23 तारीख, आदल्या रात्रीपासून. आज आपण हसतो, पण त्या काळच्या मानाने ते काम कसून केलेलं होतं.

अडचण अशी की बायबलमधल्याच ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आधी वनस्पती, मग जलचर आणि पक्षी, मग जनावरं आणि शेवटी स्त्री-पुरुष येतात, दुसऱ्या अध्यायात मात्र आधी पुरुष, मग झाडं, मग प्राणी आणि सर्वांत शेवटी स्त्री. सूर्य तर चौथ्या दिवशी उगवतो. मग पहिले तीन दिवस मोजले कशावर? हा प्रश्न नास्तिकांनी काढलेला नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ‘उत्पत्ती’वर भाष्य लिहिणाऱ्या संत ऑगस्टीनला तो पडला होता. हे दिवस आपल्या दिवसांसारखे नाहीत, देवाने सगळं एका क्षणात निर्माण केलं, असं त्याचं मत झालं. शिवाय त्याने स्वधर्मीयांना चांगलंच फैलावर घेतलं. आकाश, तारे, प्राणी यांविषयी इतरांना अनुभवाने पक्कं ठाऊक असलेल्या गोष्टींवर एखादा ख्रिस्ती माणूस शास्त्राच्या नावाने वाटेल ते बोलू लागला, तर ऐकणारे हसतील आणि मग त्याच शास्त्रातल्या मोक्षाच्या गोष्टींवर विश्वास कोण ठेवील? डार्विनच्या चौदा शतकं आधी कोणी याहून नेमकं काय सांगायचं!

हॅमसाहेबांचा तो प्रश्न तर खुद्द बायबलमधलाच आहे. ईयोबाच्या पुस्तकात, 38 व्या अध्यायात, वावटळीतून बोलणारा देव विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? विचारलंय कोणाला? सृष्टी कशी चालते हे आपल्याला कळलंय असं समजून बोलणाऱ्या धार्मिक माणसाला. पुढे देव त्याला रानबकरी कधी विते, रानगाढवाला मोकळं कोणी सोडलं, असले प्रश्न विचारत राहतो. म्हणजे हा प्रश्न जीवशास्त्राच्या शिक्षकाइतकाच, किंबहुना जास्तच, सृष्टीची तारीख सांगणाऱ्याला लागू पडतो. तरीही ‘बायबल सृष्टिवादाचा निषेध करतं’ असं कोणी म्हटलं, तर तेही ओढूनताणूनच. त्या लिहिणाऱ्यांसमोर हा वादच नव्हता.

सहा हजार वर्षांचा हट्टही वाटतो तितका पुरातन नाही. 1925 साली टेनेसीतल्या डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला चालला. बायबलच्या बाजूने उभे असलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीच उलटतपासणीत कबूल केलं की ते सहा दिवस चोवीस तासांचे असतीलच असं नाही. तरुण पृथ्वीची लाट खरी उसळली ती 1961 मध्ये महापुरावरचं एक पुस्तक आल्यावर. त्याचे दोन लेखक, एक धर्मशास्त्री आणि एक जलअभियंता. भूशास्त्रज्ञ एकही नाही.

आता पुरावा. माझा आवडता पुरावा जीवाश्मांत नाही, आपल्या प्रत्येक पेशीत आहे: दुसरं गुणसूत्र.

माणसात 46 गुणसूत्रं असतात हे शाळेत शिकलेलं असतं. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान या तिघांतही 48 असतात. आपले आणि त्यांचे पूर्वज एकच असतील, तर आपली एक जोडी गेली कुठे? नुसती हरवणं शक्य नाही. एवढी जनुकं गेली तर गर्भ टिकणारच नाही. मग उरते एक शक्यता, की दोन गुणसूत्रं जोडली जाऊन एक झालं. हे भाकीत धोक्याचं आहे, आणि म्हणूनच चांगलं. जोडाच्या खुणा सापडल्या नाहीत, तर समान पूर्वजाची कल्पना अडचणीत येते.

खुणा कोणत्या? रेल्वे फलाटावर गाडी निघून जाताना शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी पिवळी फुली दिसते. गाडी पूर्ण गेली, मागे डबा सुटलेला नाही, याची ती खूण. समजा एका लांबलचक गाडीच्या ऐन मध्यावर फुलीचे दोन डबे पाठीला पाठ लावून उभे दिसले, आणि पुढे एक बंद पडलेलं इंजिनही सापडलं. तर या दोन गाड्या जोडल्या आहेत हे सांगायला स्टेशन मास्तरची साक्ष लागत नाही.

गुणसूत्राची फुली म्हणजे त्याचं अंत्यखंड, अर्थात टेलोमिअर. तिथे डीएनएची टी-टी-ए-जी-जी-जी ही सहा अक्षरं शेकडो-हजारो वेळा ओळीने येतात. डीएनएची एकच साखळी डावीकडून उजवीकडे वाचत गेलं तर उजव्या टोकाला टी-टी-ए-जी-जी-जी दिसतं, आणि डाव्या टोकाला त्याचं पूरक आणि उलटं रूप, सी-सी-सी-टी-ए-ए. म्हणजे एकाचं उजवं टोक दुसऱ्याच्या डाव्या टोकाला चिकटलं, तर सांध्यावर आधी पहिली माळ आणि तिला लागून लगेच दुसरी, असा क्रम मिळायला हवा. 1982 मध्ये युनिस आणि प्रकाश या संशोधकांनी चारही प्रजातींच्या गुणसूत्रांवरचे रंगीत पट्टे शेजारी ठेवून दाखवलं होतं की आपलं दुसरं गुणसूत्र वानरांच्या दोन गुणसूत्रांशी (त्यांना ‘2ए’ आणि ‘2बी’ म्हणतात) जुळतं. 1991 मध्ये येल विद्यापीठातल्या गटाने सांध्याची अक्षरंच वाचली. 2क्यू13 नावाच्या जागी, गुणसूत्राच्या पोटात, दोन्ही माळा अगदी त्याच क्रमाने समोरासमोर. अक्षरं झिजलेली आहेत, मधेमधे बदललेली आहेत. सृष्टिवादी याच झिजेवर बोट ठेवतात. पण टोक टोक राहिलं नाही की तिथल्या चुका दुरुस्त व्हायचं कारणही राहत नाही. उलट लाखो वर्षांनंतर ती कोरी करकरीत सापडली असती, तर मी चक्रावलो असतो.

आणि ते बंद इंजिन? पेशी विभागताना गुणसूत्राला मधल्या गुणसूत्रबिंदूपाशी धागे धरतात आणि दोन टोकांकडे ओढतात. जोडलेल्या गुणसूत्राला असे दोन बिंदू मिळतात. दोन्ही चालू राहिले, तर एक एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे खेचला जाऊन गुणसूत्र तुटण्याची भीती. त्यामुळे एक निकामी व्हावा लागतो. आपल्या दुसऱ्या गुणसूत्रावर, जोडापासून थोडं पुढे, चिंपांझीच्या ‘2बी’ गुणसूत्राचा बिंदू जिथे असतो नेमक्या त्याच जागी, निकामी बिंदूचे अवशेष आहेत. चालू बिंदू ‘2ए’शी जुळतो.

इथे एक रास्त शंका येते. असं जोडगुणसूत्र ज्याच्यात प्रथम आलं, त्याची गुणसूत्रं 47. त्याचं 48 वाल्या जोडीदाराशी कसं जमलं? अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे बीजपेशी बनताना, जोडगुणसूत्रासमोर सुटी दोन येऊन तिघांची मोट बांधली जाते. वाटणी करताना जोडलेलं एका बाजूला आणि सुटी दोन्ही दुसऱ्या बाजूला गेली, की दोन्ही बीजपेशी धडधाकट. वाटणी फसली, तर गर्भ टिकत नाही. म्हणजे प्रजननक्षमता घटते, संपत नाही. लहान टोळीत असे 47 वाले दोघे एकत्र आले, तर त्यांच्या टिकणाऱ्या मुलांपैकी साधारण चौथा हिस्सा 46 चा. हे कागदी गणित नाही. आजही हजारात साधारण एका माणसात दोन गुणसूत्रं जोडलेली असतात (जोडाचा प्रकार वेगळा, तत्त्व तेच). तो 45 गुणसूत्रांवर सुखाने जगतो आणि बहुतेकदा त्याला पत्ताही नसतो. सह्याद्रीच्या रानात भुंकणारं आपलं भेकर तर कमालच आहे. मादीत 6 गुणसूत्रं, नरात 7, आणि त्याच्या चिनी भाऊबंदांत 46! जोडावर जोड बसत गेले आणि प्राणी मात्र बघायला भेकराचं भेकरच.

‘पण देवाने माणूस असाच, जोडाच्या खुणांसकट घडवला असेल तर?’ हे उत्तर फिलिप गॉस या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने 1857 मध्येच देऊन ठेवलं होतं. आदम कोणाच्या पोटी जन्मला नव्हता तरी त्याला बेंबी होती. तसेच खडकांत जीवाश्म, कधीही न घडलेल्या इतिहासाच्या खुणा. तर्काने हे खोडता येत नाही. पण त्याला झिडकारलं ते चार्ल्स किंग्जली या पाद्रीमित्रानेच. देवाने खडकांवर एवढं मोठं आणि अनावश्यक असत्य लिहून ठेवलं असेल, हे त्याला मान्य होईना. श्रद्धेच्या बाजूने सृष्टिवादावर घेतलेला याहून जड आक्षेप मला माहीत नाही.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळावर पालकांनी भरलेला खटला 2005 मध्ये चालला. मंडळाला जीवशास्त्राच्या तासाला ‘बुद्धिमान रचने’ची (सजीव इतके गुंतागुंतीचे की ते कोणा बुद्धिमान कर्त्यानेच घडवले असणार, या दाव्याची) ओळख करून द्यायची होती. पालकांकडून पहिली साक्ष केनेथ मिलर यांची झाली. ते पेशीशास्त्रज्ञ आणि श्रद्धावान कॅथलिक. त्यांनी न्यायालयात हेच दुसरं गुणसूत्र दाखवलं. पालकांच्याच बाजूने जॉन हॉट या कॅथलिक धर्मशास्त्रज्ञांनीही साक्ष दिली. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नेमलेल्या न्यायाधीश जोन्स यांनी 20 डिसेंबरला निकाल दिला की बुद्धिमान रचना हे विज्ञान नाही.

आपण मात्र खो-खो हसण्याच्या स्थितीत नाही. ‘दशावतार म्हणजेच उत्क्रांती’ हा संदेश दर काही महिन्यांनी मोबाइलवर येतोच. मासा, कासव, वराह इथवर ठीक. पण उत्क्रांती ही शिडी नाही, फांद्या फुटत जाणारं झाड आहे, आणि नरसिंहाचं जीवाश्म कुठे शोधायचं? ग्रंथाला विज्ञानाचं प्रमाणपत्र चिकटवणं हाही सृष्टिवादाचा चुलतभाऊ. आद्य शंकराचार्यांनी गीताभाष्यात म्हटलंय की शंभर श्रुतींनी अग्नी थंड आहे असं सांगितलं, तरी ते प्रमाण ठरत नाही. नासदीय सूक्त तर, ही सृष्टी कुठून आली हे वरून पाहणाऱ्यालाही ठाऊक असेल किंवा नसेलही, असं म्हणून थांबतं.

एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला. 2023 मध्ये त्याविरुद्ध अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे, पण तिथवर पोचतात फक्त जीवशास्त्र घेणारी मुलं. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात, विज्ञान भाग 2 मध्ये, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा छापला गेला. पुस्तक बदलेल तेव्हा त्या धड्याचं काय होतं, यावर पालकांनी लक्ष ठेवायला हवं.