एडीत काटा नाही, रहाट आहे

अनंत चतुर्दशीच्या रात्री आमच्या इंदूरात मिलच्या झांक्या (देखाव्यांचे सजवलेले रथ) निघतात, मिल बंद पडून जमाना झाला पण झांक्या निघतातच, आणि आमची रामबागेतली आत्या त्या बघायला दरवर्षी जाते म्हणजे जातेच. यंदाही रात्री नऊपासून दोनपर्यंत फुटपाथवर उभी, पायात ती घासून पातळ झालेली रबरी चप्पल. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि ओरडली, "आई गं, एडी!" (आम्ही इंदुरी मराठी लोक टाचेला घरात सर्रास एडी म्हणतो, पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत.) भिंत धरून चार पावलं टाकली, स्वयंपाकघरापर्यंत पोचली, चहा उकळेपर्यंत दुखणं निम्मं गेलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

दोन महिने तिने हे अंगावर काढलं, मग एका दवाखान्यात गेली, तिथे एक्स-रे निघाला आणि दीड मिनिटात निकाल लागला: हाड वाढलंय. झालं. त्या दिवसापासून आत्याच्या डोक्यात पक्कं बसलं की टाचेत आतून एक काटा उगवलाय आणि पाय टेकवला की तो मांसात घुसतो. फॅमिली ग्रुपवर एक्स-रेचा फोटो आला, त्यावर कुणीतरी लाल गोल काढला, आणि मग सल्ल्यांचा पाऊस. मला तेव्हाच लिहायचं होतं पण ग्रुपवर एवढं मोठं कोण वाचतं, म्हणून इथे लिहितोय.

तर आधी तो काटा. तो एक्स-रेत दिसतो हे खरं, आत्याला पण आहे. पण ज्यांचं काहीच दुखत नाही अशा लोकांचे एक्स-रे काढले तरी दहातल्या एकदोघांच्या टाचेला असा हाडाचा कोंब दिसतो, आणि उलट टाच भयंकर दुखणाऱ्या कितीतरी लोकांना कोंब नसतोच. दुसरं म्हणजे तो फोटो नीट बघा, कोंब खाली जमिनीकडे तोंड करून नसतो, बोटांच्या दिशेने पुढे आडवा असतो. आडवा काटा पाय टेकवल्यावर टोचणार कसा? बरेचदा तर तो तळव्यातल्या एका छोट्या स्नायूच्या मुळाशी असतो, दुखणारी जागा त्याच्या खालच्या थरात. एक्स-रेत हाड दिसतं, मऊ भाग दिसत नाही, म्हणून जे दिसलं त्याच्यावर आळ आला. अंधारात किल्ली हरवली आणि दिव्याखाली शोधतोय, असला प्रकार.

खरा मामला त्या मऊ भागाचा आहे आणि तो इतका भारी आहे की मी गेले तीन आठवडे येईल त्याच्या पायाचा अंगठा वर करून बघतोय.

तुम्हीपण करा. चप्पल काढा, सरळ उभे राहा, दोन्ही पायांवर वजन. आता कुणालातरी सांगा की माझा अंगठा पकडून वर उचल, फक्त अंगठा. खाली बघा. तळव्याची कमान आपोआप वर चढते! तुम्ही कुठला स्नायू आवळला नाही, काही केलं नाही, तरी कमान चढली. दिसली नाही तर परत करा, मग पुढे वाचा.

काय झालं ते सांगतो. एका पायात २६ हाडं असतात, ती पुलाच्या कमानीतल्या दगडांसारखी रचलेली. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याच्या कातडीखाली एक जाड, पांढरा, जवळजवळ न ताणणारा पट्टा असतो, त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात, मी पट्टाच म्हणणार. जुन्या घरांच्या छपराची लाकडी कैची बघितली असेल, दोन तिरके वासे आणि त्यांची खालची टोकं बांधून ठेवणारी आडवी तुळई. तुळई काढली तर वासे बाजूला पसरतात आणि छप्पर बसतं. पायाची हाडं म्हणजे वासे, हा पट्टा म्हणजे तुळई.

पण छपराची कैची जागच्या जागी उभी असते, पायाला चालायचं असतं, आणि इथेच ती गंमत आहे. पट्टा बोटांच्या मुळाशी संपतो म्हणजे तो अंगठ्याच्या सांध्याला खालून वळसा घालून पलीकडच्या हाडाला चिकटतो. चालताना टाच उचलली जाते, बोटं जमिनीवरच राहतात, म्हणजे पायाच्या हिशोबाने बोटं वर वळली. बोटं वर वळली की पट्टा त्या सांध्याच्या गोलाव्यावर गुंडाळला जातो, विहिरीवरच्या रहाटावर दोर गुंडाळावा तसा. दोर गुंडाळला की बादली वर येते. इथे पट्टा गुंडाळला की टाच बोटांकडे ओढली जाते, कमान चढते, सगळी हाडं एकमेकांत घट्ट बसतात आणि मघाशी मऊ पडून जमिनीचे खाचखळगे झेलणारा पाय एका क्षणात कडक दांडा होतो, ज्यावर रेटा देऊन पुढचं पाऊल टाकता येतं. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये हे मांडलं आणि नाव पण रहाटाचंच दिलं, विंडलास मेकॅनिझम. मऊ पाय आणि कडक पाय, प्रत्येक पावलात दोन्ही, आणि बॅटरी नाही मोटर नाही!

आता थोडं गणित, कंटाळा आला तर हा पॅरा सोडून पुढे जा, मी रागावणार नाही. कैचीच्या माथ्यावर वजन व, दोन टोकांमधलं अंतर ल, माथ्याची उंची उ. प्रत्येक टोकावर अर्धं वजन येतं आणि तुळईतला ताण येतो व गुणिले ल भागिले चार उ. समजा अंतर १६ सेंमी, कमानीची उंची ४ सेंमी, तर ताण बरोबर वजनाएवढा. म्हणजे ६० किलोची बाई एका पायावर उभी राहिली की तिच्या तळव्यात ६० किलोची ओढ. उंची निम्मी झाली, २ सेंमी, की ओढ दुप्पट. हे फार ढोबळ आहे, खऱ्या पायात बाकीचे अस्थिबंध आणि स्नायूही भार वाटून घेतात आणि मागून पोटरीची नस (रक्ताची नव्हे, पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर) ओढत असते ती वेगळी. पण २००४ मध्ये मृतदेहांच्या पायांवर यंत्राने चालण्याची नक्कल करून पट्ट्यातला ताण खरंच मोजला गेला, आणि टाच उचलण्याच्या वेळी तो साधारण शरीराच्या वजनाएवढाच निघाला. मला तर वाचून उडी मारावीशी वाटली.

(बाय द वे, पाय कडक होण्याचं सगळं श्रेय या पट्ट्याला नाही. २०२० मध्ये मधुसूदन वेंकदेसन, श्रेयस मंद्रे आणि महेश बंदी या मंडळींनी नेचरमध्ये दाखवलं की पायाची जी आडवी कमान असते, अंगठ्याकडून करंगळीकडे जाणारी, तिचा वाटा ४० टक्क्यांहून जास्त आहे. दहाची नोट एका टोकाला सपाट धरली तर लोंबते, तीच उभी जरा वाकवून पन्हाळीसारखी धरली की ताठ राहते, तसं. यावर वेगळा लेख होईल, आत्ता परत एडीकडे.)

झोपेत पाऊल खाली लोंबलेलं असतं, बोटं पुढे, पोटरी सैल. पट्टा रात्रभर आखूड अवस्थेत पडून राहतो. सकाळी तुम्ही एकदम उभे राहता आणि त्या आखडलेल्या पट्ट्यावर अख्खं वजन येतं, तेही नेमकं टाचेच्या हाडाला तो जिथे चिकटलाय त्या आतल्या कोपऱ्यावर. म्हणून पहिलं पाऊल सगळ्यात वाईट, चार पावलांनी तो मोकळा होतो, आणि दुपारी खूप वेळ बसून उठलं की पुन्हा तोच अनुभव. सकाळचं पहिलं पाऊल आणि टाचेच्या आतल्या बाजूला अंगठ्याने दाबल्यावर जीव जाणं, या दोन गोष्टींवर डॉक्टर बहुतेक वेळा निदान करू शकतात, एक्स-रेशिवाय.

याला प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात, आयटिस म्हणजे दाह, सूज. पण २००३ मध्ये हार्वी लेमाँट आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशनमध्ये काढलेले पन्नास नमुने मायक्रोस्कोपखाली बघितले तर दाहाच्या पेशी सापडल्या नाहीत, सापडली ती झीज, पट्ट्याचे धागे विस्कटलेले. जुन्या सुतळीसारखे. म्हणजे नावच चुकीचं म्हणायचं! आणि हे नुसतं शब्दांचं भांडण नाही, सूज असेल तर आराम आणि गोळी पुरेल, पण झिजलेल्या दोराला हळूहळू भार देऊन मजबूत करावं लागतं. गोळीने दोन दिवस बरं वाटतं, दोर तसाच.

कुणाला होतं? कडक फरशीवर तासन् तास उभं राहणाऱ्यांना, वजन जास्त असणाऱ्यांना, आणि ज्यांची पोटरी आखडलीये त्यांना. पोटरी आखडली की घोटा पुरता वाकत नाही आणि सगळा बोजा कमानीवर येतो. बहुतेक चाळीस ते साठ वयात. आता इंदूरची घरं आठवा, स्वयंपाकघरात कोटा स्टोन, आणि घरात चप्पल घालायची नाही. सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, रात्रभर कढईपुढे उभे असतात त्या लोकांना मी विचारलं नाही, पण विचारायला हवं.

प्रत्येक टाचदुखी हीच असते असं नाही. टाचेखाली चरबीची एक गादी असते, मधाच्या पोळ्यासारख्या कप्प्यांत भरलेली, ती वयाने पातळ होते. मग टाचेच्या अगदी मधोमध दुखतं आणि अनवाणी चाललं की वाढतं. मागच्या बाजूला दुखलं तर पोटरीची नस. जळजळ, मुंग्या, बधिरपणा असेल तर मज्जातंतू. आठ ते चौदा वर्षांच्या खेळणाऱ्या पोरांना टाचेच्या वाढीच्या जागी दुखतं, ते वेगळं. तरुण माणसाच्या टाचा दुखतात आणि सकाळी कंबर अर्धा तास आखडलेली असते, तर हाडांच्या नाही, संधिवाताच्या डॉक्टरकडे जा. पडल्यावर दुखतंय, सुजलंय, रात्री झोपेतही ठणकतंय, तर घरी बसू नका. आणि युरिक अॅसिड! कुठेही दुखलं की युरिक अॅसिड आणि डाळ बंद. युरिक अॅसिडने होतो तो गाऊट बहुधा अंगठ्याच्या मुळाशी येतो, रात्रीतून, लालबुंद, चादर लागली तरी सहन होत नाही असा. आत्याची तूरडाळ महिनाभर विनाकारण बंद होती, इंदुरात राहून पोह्यावर शेव पण नाही.

ग्रुपवरचे बाकी सल्ले. एकाने बुटात घालायचे चुंबकाचे सोल सुचवले, किंमत ऐकून मीच बसलो. २००३ मध्ये खऱ्या चुंबकाचे आणि नकली चुंबकाचे सोल टाचदुखीच्या लोकांना न सांगता वाटून बघितले, फरक शून्य. एका काकांनी पायाळू माणसाची लाथ सुचवली, ती उसण भरल्यावर असते हो काका, ती पण काही कामाची नाही. घोट्याला काळा दोरा आत्याने आधीच बांधला होता. तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकायची, हा उपाय मात्र आमच्या आजीचा, शेकल्याने बरं वाटतं ते उष्णतेने, पान नसलं तरी वाटेल. पण शुगर असलेल्यांनी कृपा करून हे करू नका, पायाला चटका कळत नाही आणि भाजल्यावर जखम महिनोन् महिने भरत नाही. रुईचा चीक डोळ्यात गेला तर तो ताप वेगळाच.

मग करायचं काय. सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा घ्या, बोटं हाताने नडगीकडे ओढा, तळव्यात पट्टा तारेसारखा ताठ लागला पाहिजे, दहा सेकंद, दहा वेळा. दिवसात असं तीनदा. भिंतीला हात लावून पोटरी ताणा. घरातसुद्धा जाड, मऊ, टाचेला थोडी उंच चप्पल, देवघरात सोडून. तयार मिळणारं साधं सोल बहुतेकांना महागड्या मापाच्या सोलइतकंच चालतं. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने महिनाभर छान वाटतं, पण पुन्हा पुन्हा घेतलं तर पट्टा तुटायची आणि ती चरबीची गादी विरायची भीती असते, तेव्हा घाई नको. दहातल्या आठ-नऊ जणांना ऑपरेशनशिवाय बरं वाटतं, फक्त वेळ लागतो, कधी कधी वर्ष.

आणि तो दोर मजबूत करण्याचा व्यायाम, माझा सगळ्यात लाडका, कारण त्यात रहाट वापरलाय. जिन्याच्या पायरीवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, म्हणजे बोटं वर वळलेली आणि पट्टा आधीच गुंडाळलेला. तीन सेकंदात टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदात खाली. एका पायावर, बारा वेळा, एक दिवसाआड, कठडा धरून. जमायला लागलं की पाठीवर पुस्तकं भरलेली बॅग. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीन महिन्यांनी हे करणारे नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा पुढे होते, वर्षभराने दोघं सारखेच, म्हणजे जादू नाही, पण लवकर.

आत्या सात आठवड्यांपासून करतेय, आधी दोन्ही पायांवर, आता एकावर. सकाळचं पहिलं पाऊल अजून थोडं दुखतं, पण भिंत धरावी लागत नाही. एक्स-रे मात्र तिने कपाटात जपून ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला काटा दाखवते. परवा जिन्यापाशी उभा राहून मी मोजत होतो, दहाला थांबली. म्हटलं आत्या, बारा आहेत. म्हणाली, "बत्तीस वर्षं शाळेत पोरांना दोन मार्क ग्रेसचे दिलेत, तू मला देऊ शकत नाहीस?"