कार्ड एक, दारं तीन आणि ‘विगँड’चे चार अर्थ

वाळूजच्या कारखान्यात गेटचा रीडर एका मेकचा, स्टोअरचा दुसऱ्या आणि कंट्रोलर (कार्डाचा नंबर तपासून दार उघडणारा डबा) तिसऱ्याच, हे आता नेहमीचंच. कार्ड लावलं की बीप वाजतो, दार मात्र हलत नाही. मग ‘रीडर गेला’ म्हणून नवा बसवतात, तोही तसाच वागतो. गोंधळ बहुतेक वेळा ‘विगँड’ या शब्दात असतो.

मुळात विगँड म्हणजे खास प्रक्रिया केलेली तार. चुंबकाजवळून गेली की ती झटकन विजेचा स्पंद देते. या तारांचे तुकडे पुरलेली कार्डं निघाली, त्यांनाही तेच नाव पडलं. ती केव्हाच गेली, पण त्यांच्या रीडरची जोडणी राहिली: हिरव्या तारेवरचा स्पंद म्हणजे ०, पांढऱ्यावरचा म्हणजे १, सोबत ग्राउंड. हा तिसरा अर्थ. चौथा २६ बिटांच्या (०-१ च्या) मांडणीचा: ८ बिट साइट कोड म्हणजे जागेचा नंबर, १६ बिट कार्ड क्रमांक, दोन टोकांना एकेक पॅरिटी, म्हणजे चूक पकडणारा बिट. कोटेशनवर नुसतं ‘विगँड सपोर्ट’ लिहितात. विकणारा तिसरा अर्थ धरतो, घेणारा चौथा.

१२५ किलोहर्ट्झच्या जाड पांढऱ्या कार्डावर छापलेलं पाहा: ००१२३४५६७८, शेजारी १८८,२४९१०. आकडा एकच आहे. १८८ ला ६५५३६ ने गुणून २४९१० मिळवले की पहिला येतो. एक सॉफ्टवेअर सलग आकडा मागतं, दुसरं स्वल्पविरामाची जोडी, आणि ऑफिसमधला माणूस जो ठळक दिसेल तो टाकतो.

खरा वाद पुढचा. १९९४ ला मायफेअर हे नव्या जातीचं कार्ड आलं, १३.५६ मेगाहर्ट्झचं. त्याचा क्रमांक ३२ बिटांचा, आणि २६ च्या साच्यात पॅरिटी वगळून जागा २४ चीच. आपल्याकडे कंट्रोलर तोच ठेवून नुसते रीडर बदलायचे आणि त्यांना २६ वर सेट करायचं, असा निर्णय सर्रास झाला. कंत्राटदाराचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं: शिफ्ट चालू असताना शेकडो माणसांची कार्डं पुन्हा कोण नोंदवणार? पण ८ बिट गुपचूप कापले गेले. काही जुने कंट्रोलर तर साइट कोडकडे न बघता शेवटचे १६ बिटच तपासतात. क्रमाने मागवलेल्या जुन्या कार्डांत ते खपून जायचं. मायफेअरचे क्रमांक विखुरलेले. ३०० कार्डं वाटली तर त्यांत कुठल्या तरी दोघांचे हे १६ बिट सारखे निघण्याची शक्यता जवळपास निम्मी. चिकलठाण्यात एका ठिकाणी कॅन्टीनच्या पोराच्या कार्डावर स्टोअर उघडलं, तेव्हा आधी पोरालाच धरलं. त्यातही काही रीडर बाइट उलट्या क्रमाने पाठवतात, म्हणजे गेटवर एक नंबर, आत दुसरा. ३४ बिटांचं (३२ आणि दोन पॅरिटी) सेटिंग होतं. ते घेणारा कंट्रोलर घ्यायला पैसे नव्हते, असं सांगितलं जातं. माझ्या मते विचारलंच नव्हतं.

२००८ ला मायफेअर क्लासिकचं कूटलेखन फुटलं. इथे फारसं कुणी दचकलं नाही, कारण नुसता क्रमांक वाचणाऱ्या दारांवर ते कधी वापरलंच नव्हतं. त्यानंतर रीडर आणि कंट्रोलरमध्ये विगँडच्या जागी ओएसडीपी आलं: आरएस-४८५ या तारजोडणीवर, दोन्ही बाजूंनी बोलणारं, कूटलेखनाची सोय असलेलं. २०२० पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. नव्या टेंडरांत ते दिसू लागलंय. कंट्रोलर जुना निघाला की इन्स्टॉलर त्याच रीडरला विगँड मोडवर टाकतो, हिरवी-पांढरी जोडतो आणि बिल लावतो.