दोघांसाठी अकलूज: द्राक्षमळ्यात दोन रात्री

वाईन म्हटलं की सगळे नाशिक गाठतात, आणि शनिवार-रविवारी तिथे गर्दीही तशीच असते. लग्नाचा वाढदिवस निवांत घालवायचा असेल तर गोव्यातून निघणाऱ्या जोडप्यांना आम्ही अकलूज सुचवतो. सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्याच्या ऊसपट्ट्यात, मोटेवाडीला फ्रटेली या वाईन कंपनीचे द्राक्षमळे आणि वायनरी आहे. अकलूजचे, दिल्लीचे आणि इटलीचे भाऊ एकत्र येऊन हे काम उभं राहिलं.

कधी जायचं? जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. एप्रिलची खरड छाटणी आणि पाऊस सरताना होणारी गोडी छाटणी झाली की घड तोडणीला येतात ते याच दिवसांत. पावसाळ्यात मळा हिरवागार दिसतो, पण वेलीवर घड नसतात. तोडणीच्या दिवसांत मळ्यात फिरायला मिळालं तर विचारून एक काळा मणी चिमटीत दाबून बघा: बाजारातल्या द्राक्षापेक्षा लहान, साल जाड, आत बिया, आणि रस जवळजवळ पांढरा. रेड वाईनचा रंग सालीतून येतो, म्हणून ती सालींसकट आंबवतात. इटलीतली सांजोव्हेजे ही जात इथे चांगली रुजली आहे. चाखताना ती जरूर मागा. चाखणं म्हणजे मात्र घोट-घोटच. आपल्या काजूच्या उराकासारखा ग्लास भरून मिळेल, या अपेक्षेने जाऊ नका!

तारीख ठरवताना कॅलेंडर जवळ ठेवा. २६ जानेवारीला ड्राय डे, त्यामुळे त्या जोडसुट्टीचा उपयोग नाही. माघी एकादशीला पंढरपूर भरलेलं असतं. मळ्यावर राहायच्या खोल्या मोजक्याच आहेत. १४ फेब्रुवारी हवी असेल तर दिवाळीतच सांगा.

मडगावहून दुपारी गोवा एक्स्प्रेस धरा. उजेडात दूधसागर दिसतो, रात्री मिरज. तिथे मुक्काम, सकाळी आमची गाडी. पंढरपूर वाटेवरच आहे. विठोबाचं दर्शन जातानाच घ्या. येताना पिशवीत बाटल्या असल्या की बायका कुरकुरतात, हा आमचा अनुभव. स्वतःच्या गाडीने चोर्ला घाटातूनही जाता येतं, पण आख्खा दिवस मोडतो, आणि परतीला थकलेल्या माणसाकडून कसला रोमान्स होणार?

दुसऱ्या दिवशी पहाटे उठायची तयारी असेल तर भिगवण. उजनीच्या पाणथळीत थंडीत रोहित पक्षी उतरतात, होडीतून बघता येतात. थंडी आपल्या सवयीची नाही, शाल घ्या. मासळीचा आग्रह दोन दिवस सोडा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागा.

गोव्यातून दारूच्या बाटल्या नेऊ नका, महाराष्ट्राचे अबकारीवाले गोव्याची गाडी हटकून तपासतात. तिकडून वाईन आणायची असेल तर परवान्याचं आधी आमच्याशी बोला. आणि चालकाला घोट देऊ नका, तो घेणार नाही.