सिंगापूरमधील मानसिक आरोग्यसेवा

सुमारे साठ लाख वस्तीच्या सिंगापूर या नगरराज्यातील मनोविकारांवरील उपचारांची आणि त्यांविषयीच्या लोकशिक्षणाची व्यवस्था. वसाहतकालीन इस्पितळापासून सुरू झालेली ही सेवा आज पॉलिक्लिनिक (सरकारी बाह्यरुग्ण दवाखाने), शाळा, स्वयंसेवी संस्था आणि मोबाइलपर्यंत पोचली आहे. उपचार हाताशी असूनही माणसे दाराशी येत नाहीत, ही तिची सर्वांत जुनी अडचण.

१८४१ मध्ये ब्रास बासा आणि बेनकूलेन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर ३० खाटांचे वेड्यांचे इस्पितळ उघडले. पुढे जागा बदलत गेल्या. १९२८ मध्ये यिओ चू कांग रस्त्यावर मोठे मेंटल हॉस्पिटल उभे राहिले आणि १९५१ मध्ये, परिसरातील लाकडी पुलावरून, त्याला ‘वुडब्रिज’ हे नाव मिळाले. नावातला ‘मेंटल’ शब्द गेला, पण धास्ती गेली नाही. ‘वुडब्रिज’ हीच शिवी होऊन बसली. पुण्याकडे ‘येरवड्याला पाठवा’ म्हणतात, त्याच चालीची. होक्कियन या चिनी बोलीतला ‘सियाओ’ आणि मलायमधला ‘गिला’ हे वेडाचे शब्दही तिथे सहज तोंडी येतात. १९९३ मध्ये रुग्णालय बुआंगकोक येथे हलले आणि इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ झाले. देशातील हे प्रमुख मनोरुग्णालय आहे.

या धास्तीची किंमत आकड्यांत दिसते. सहा हजारांहून अधिक प्रौढांच्या २०१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दर सातांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी पाहणीतील एखाद्या मनोविकाराने गाठल्याचे आढळले. त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक जणांनी मदत घेतलीच नव्हती. विचार आणि कृतींच्या सक्तीचा विकार (ओसीडी) असलेल्या आणि मदत घेतलेल्यांपैकी निम्म्यांना तर तिथवर पोचायला ११ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागला होता. अकरा वर्षांत शाळकरी मूल कमावते होते. एवढा काळ घरात गप्प राहून काढायचा. ‘कियासू’ म्हणजे मागे पडण्याची भीती. ज्या समाजात हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे, तिथे आपण थकलो असे सांगणे जड जाते.

कायद्याचीही या गप्प बसण्याला साथ होती. सिंगापूरची दंडसंहिता १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या साच्यावर बेतलेली, म्हणून आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा दोन्हीकडे एकाच क्रमांकाच्या, ३०९ व्या कलमात होता. जो जीव नकोसा होऊन बसला आहे त्याला पोलिसांची भीती घालणारे हे कलम सिंगापूरने १ जानेवारी २०२० पासून रद्द केले. भारतात २०१७ च्या कायद्याने त्याची धार बोथट केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम राहिले नाही.

कामाच्या ठिकाणचा बदल याच काळातला. नोकरीच्या अर्जात मानसिक आजाराची माहिती मागू नये, असे मालकांना २०२० पासून सांगितले गेले. जानेवारी २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने मानसिक आजारावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध संरक्षणाची तरतूद केली. पैशांची बाजू त्याआधीच थोडी हलकी झाली होती. पगारातून सक्तीने वळती होणारी ‘मेडिसेव्ह’ ही वैद्यकीय बचत २००९ पासून स्किझोफ्रेनिया (वास्तवाचे भान सुटणारा तीव्र मनोविकार) आणि नैराश्याच्या बाह्यरुग्ण उपचारांसाठीही वापरता येते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय धोरणाचा गाभा साधा आहे: प्रत्येकाने थेट मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याची गरज नाही. आजाराच्या तीव्रतेनुसार सेवेचे स्तर पाडले आहेत आणि सौम्य त्रासासाठी पॉलिक्लिनिक किंवा नेहमीचा डॉक्टर पुरेसा मानला आहे. सर्दीतापाच्या रांगेत बसून झोप लागत नाही म्हणून सांगता येणे, ही सोय फार मोलाची. १६ ते ३० वयोगटासाठी ‘चॅट’ हे केंद्र तर रुग्णालयाबाहेर, ऑर्चर्ड रोडच्या बाजारपेठेत ठेवले गेले.

दूरध्वनीवरची मदत मात्र सरकारी धोरणांच्या कितीतरी आधीची. ‘समॅरिटन्स ऑफ सिंगापूर’ १९६९ पासून संकटात सापडलेल्यांचे फोन घेते. तिच्या १७६७ या क्रमांकातील ७६७ हे आकडे कीपॅडवर ‘एसओएस’ अशी अक्षरे देतात. २०२५ मध्ये १७७१ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही सुरू झाली.

परदेशी कामगार या व्यवस्थेच्या कडेला राहतात. बांधकाम आणि गोदीवरचे हे मजूर, बरेचसे भारत आणि बांगलादेशातले, २०२० च्या कोविड साथीत वसतिगृहांच्या खोल्यांत महिनोन्‌महिने अडकून पडले, तेव्हा त्यांच्या मनाचा प्रश्न पहिल्यांदा उघडपणे चर्चेत आला. ‘हेल्थसर्व्ह’ सारख्या स्वयंसेवी संस्था त्यांना समुपदेशन पुरवतात, तेही तमिळ, बंगाली अशा त्यांच्या भाषांत.