मदुरा फूट : जिवाणू की बुरशी?

सुजलेला पाय, त्यावर जागोजागी छिद्रं आणि पुवाबरोबर बाहेर पडणारे बारीक रवे, म्हणजे जंतूंचे घट्ट पुंजके. मदुराईच्या दवाखान्यातून डॉ. गिल यांनी १८४२ मध्ये हा आजार नोंदवला आणि गावाच्या नावावरून तो ‘मदुरा फूट’ झाला. पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातले हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी १८६० च्या सुमारास त्याला ‘मायसेटोमा’ म्हटलं. काळे आणि फिकट असे दोन्ही रवे त्यांनी बारकाईने पाहिले, पण दोन्हींचं मूळ बुरशीतच मानलं. १८९४ मध्ये व्हिन्सेंट यांनी अल्जीरियातल्या रुग्णाच्या रव्यांतून जो जीव वाढवला, तो तंतूंसारखा वाढणारा जिवाणू होता (आजचा अ‍ॅक्टिनोमॅड्युरा मॅड्युरी). १९१३ मध्ये पिनॉय यांनी जिवाणूजन्य आणि बुरशीजन्य असे दोन गट वेगळे केले.

उपचार या फरकावरच ठरतात. जिवाणूजन्य प्रकार अमिकासिन आणि को-ट्रायमॉक्साझोल या अँटिबायोटिक्सनी बहुधा आटोक्यात येतो. बुरशीजन्य प्रकारात महिनोन्‌महिने बुरशीनाशक गोळ्या आणि अनेकदा शस्त्रक्रिया लागते. चुकीच्या निदानाने पाय गमवावा लागू शकतो.

तपासणीची सुरुवात रव्यापासून करावी. नुसत्या पुवाचा स्वॅब घेतला तर बहुतेक वेळा त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस जिवाणूच वाढतात आणि खरा जंतू हाती लागत नाही. छिद्रांवर रात्रभर निर्जंतुक गॉज बांधून ठेवावं, सकाळी त्यावर अडकलेले रवे उचलून सलाइनमध्ये दोन-तीनदा धुवावेत. काळा रवा जवळजवळ नेहमी बुरशीचा, लाल जिवाणूचा; पांढरा-पिवळा मात्र दोन्हींचा असू शकतो, रंगावर विसंबू नये. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रवा दोन स्लाइडमध्ये चिरडला की तंतूंची जाडी दिसते: जिवाणूचे साधारण १ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, बुरशीचे २ ते ५. ग्रॅम स्टेनवर (जिवाणू रंगवून ओळखण्याची नेहमीची पद्धत) जिवाणूचे तंतू जांभळे उठतात. १ टक्का सल्फ्युरिक आम्ल वापरून केलेल्या सुधारित झील-नील्सन स्टेनमध्ये (आम्लाने धुतल्यावरही लाल रंग टिकतो का, हे पाहणारी पद्धत) नोकार्डिया हा हाच आजार करणारा दुसरा तंतुमय जिवाणू सहसा लाल राहतो, अ‍ॅक्टिनोमॅड्युरा नाही. क्षयासाठीचं नेहमीचं २० टक्के आम्ल वापरलं तर नोकार्डियाचाही रंग उतरतो.

कल्चरला (जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहायला) पाठवताना फॉर्मवर संशय स्पष्ट लिहावा. बुरशी वाढवण्याच्या माध्यमात बरेचदा क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक असतं आणि ते आपल्याला हवा असलेला जिवाणूच दडपतं. म्हणून अँटिबायोटिक नसलेलं माध्यमही लावायला सांगावं. वाढ सावकाश होते. दोन दिवसांत ‘वाढ नाही’ म्हणून प्लेट टाकून देऊ नये, तीन-चार आठवडे ठेवावी. रवे मिळालेच नाहीत तर छिद्राच्या कडेची नव्हे, खोलवरची बायॉप्सी घ्यावी: एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा सलाइनमध्ये. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यातून काहीच वाढत नाही.