घरात कापूस, डोक्यात भाव

जानेवारी-फेब्रुवारीत धुळे-जळगावकडच्या गावांत फिरलं, की एखाद्या घराच्या पुढच्या खोलीत आढ्याला टेकलेला कापूस दिसतोच. भाव वाढेल म्हणून राखलेला. त्यानं घरातल्या पोरांच्या अंगाला खाज सुटते, वाळून वजन घटतं ते वेगळंच. आणि घरधनी रात्री दोनला टक्क जागा: 'दिवाळीतच खेडा खरेदीवाल्याला देऊन टाकला असता तर? माझंच दरवेळी असं का होतं?'

एकाच जागी गोल फिरणाऱ्या अशा विचाराला मानसशास्त्रज्ञ 'रुमिनेशन' म्हणतात. सुसान नोलेन-होक्सेमा यांनी त्यावर बरंच काम केलं. त्यांना एक विलक्षण योगायोग साथीला मिळाला. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला, त्याच्या दोनच आठवडे आधी त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि विचारांची सवय नोंदवून ठेवली होती. भूकंपानंतर पुन्हा तपासलं. ज्यांना आधीपासून स्वतःचं दुःख उगाळायची सवय होती, त्यांच्यात सात आठवड्यांनंतरही नैराश्याची लक्षणं जास्त होती. मुळात कोण किती उदास होता हे हिशोबात धरूनसुद्धा.

शरीराचं काय होतं? रात्री दोनला व्यापारी काही दारात उभा नसतो. पण नुसत्या विचारानंही ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक पाझरत राहतं. नुकसान एकदाच झालेलं असतं, ताण मात्र रोज रात्री नव्यानं. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी चिडचिड, आणि ती बहुधा बायको-पोरांवरच निघते.

म्हणजे विचार करणंच वाईट का? तसं नाही, आणि मला यातला हाच भाग सगळ्यात कामाचा वाटतो. एक्सेटर विद्यापीठाचे एडवर्ड वॉटकिन्स यांच्या प्रयोगांत फरक पडला तो विचाराच्या जातीनं. 'माझंच असं का' हा प्रश्न माणसाला आणखी खचवतो. किती क्विंटल शिल्लक आहे, सोसायटीचं कर्ज कधी भरायचं, निम्मा माल आज काढला तर किती भागतं, असा नेमका विचार मार्ग काढायला मदत करतो. काळजी तीच, पण या हिशोबाला कुठेतरी शेवट असतो.

'सोड ना भाऊ, विचारच करू नको' हा आपल्याकडचा ठरलेला सल्ला. तो चालत नाही. १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं. अस्वल डोक्यातून जाईना. त्यापेक्षा टॉम बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञाचा उपाय बरा: काळजीसाठी दिवसातला अर्धा तास ठरवून घ्यायचा, जागाही एकच. एरवी मनात आलं की 'त्या वेळी बघू' म्हणायचं. संध्याकाळी वही-पेन घेऊन बसलं तर उत्तमच.

ओट्यावर मित्राशी बोलावं, जरूर बोलावं. फक्त तेच गाऱ्हाणं दोघांनी मिळून रोज उगाळलं, तर मैत्री घट्ट होते आणि उदासीही. किशोरवयीन मुलींच्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं आहे. पारावरच्या बाप्यांचं वेगळं असेल असं मला तरी वाटत नाही.

दोन आठवडे उलटूनही झोप, भूक, कामात मन परतलं नाही, तर मात्र डॉक्टरांना गाठावं. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतून बोलता येतं आणि फोन रात्री दोनलाही लागतो.