आधी बेस आला, अँप मागाहून

बेस गिटार नवीन घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी ती घरातल्या साध्या गिटार अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीला, लावून बघतोच. वरच्या तारांवर फारसं काही बिघडत नाही. मग सगळ्यात जाड ई तार छेडली की स्पीकरचा कागद फडफडायला लागतो, पुढची जाळी खडखडते, आणि व्हॉल्यूम कितीही वाढवला तरी छातीत जाणवायला हवा तो खर्ज काही येत नाही. वाद्यात दोष नसतो, अँपही बिघडलेला नसतो. दोघांची जोडी जुळत नाही, एवढंच. ही जोडी जुळवायला वाद्यं बनवणाऱ्यांना जवळजवळ वीस वर्षं लागली. आज आपण बेसवर तारा, पिकअप (तारांचं कंपन विजेत उतरवणारं चुंबक-वेटोळं), ब्रिज (तारा टेकतात ती घोडी), प्रीअँप (अँपच्या आधी सिग्नल वाढवणारं सर्किट) असं जे काही बदलत बसतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टींची मुळं त्या वीस वर्षांत सापडतात.

अडचण नेमकी काय होती ते आधी सांगतो. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर ८२ हर्ट्झचा स्वर निघतो. बेसची बरोबर एक सप्तक खाली, म्हणजे ४१ हर्ट्झ. तेवढ्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल, तर स्पीकरच्या कागदाला चौपट अंतर मागंपुढं हलावं लागतं. त्यात आपला कान खालच्या स्वरांना मुळातच कमी दाद देतो. शिवाय गिटारचे बरेचसे अँप मागून उघडे असतात. कागदाच्या मागची हवा फिरून पुढं येते आणि पुढच्या हवेचा दाब खाऊन टाकते. तार सप्तकात याचा फारसा त्रास होत नाही, पण खर्ज तिथल्या तिथं विरून जातो. म्हणून बेसला मोठे स्पीकर, बंद किंवा मोजूनमापून भोक ठेवलेली पेटी आणि भरपूर वॅट हे सगळं एकाच वेळी लागतं. यातलं एकही १९५१ साली धड उपलब्ध नव्हतं.

वाद्य मात्र त्याच वर्षी तयार झालं. त्याआधी अमेरिकेतल्या नाचगाण्याच्या बँडमध्ये खर्जाची बाजू डबल बेस सांभाळत असे. व्हायोलिनच्या घराण्यातलं हे सर्वांत थोरलं वाद्य, माणसाहून उंच. ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या फळीसमोर ते ऐकू येत नसे आणि मोटारीतून न्यायचं तर डोक्याला ताप. सिअॅटलच्या पॉल टटमार्कने १९३६ च्या सुमारास भरीव लाकडाचा, पडदे असलेला, गिटारसारखा आडवा धरायचा विजेवरचा बेस काढला होता. त्याच्या कंपनीचं नाव ऑडिओव्हॉक्स. कल्पना पूर्ण होती, पण ती पसरली नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये तेच काम पुन्हा नव्याने केलं, आणि ते मात्र जगभर गेलं.

त्याने नाव ठेवलं प्रिसिजन बेस. नावातच सगळी जाहिरात आहे. डबल बेसला पडदे नसतात, सारंगीसारखा स्वर बोटाने आणि कानाने शोधावा लागतो. फेंडरच्या बेसला सतारीसारखे पडदे होते, त्यामुळे गिटार वाजवणाऱ्या कुणालाही पहिल्या दिवसापासून सुरात वाजवता येई. तारेची लांबी त्याने ३४ इंच ठरवली. पंचाहत्तर वर्षं होत आली, आजही बहुतेक बेस त्याच मापाचे निघतात. १९५७ मध्ये पिकअप बदलला. एका सलग गुंडाळीऐवजी दोन तुकडे आले, एक ई-ए तारांखाली, दुसरा डी-जी तारांखाली. दोन्हींचं वेटोळं आणि चुंबक एकमेकांच्या उलट ठेवल्यामुळे विजेची घरघर आपसात कटते आणि तारांचा आवाज तेवढा शिल्लक राहतो. १९६० मध्ये दोन पिकअपचा, खुंट्यांच्या टोकाकडे निमुळत्या मानेचा जॅझ बेस आला. माझ्या मते बेस गिटार इथंच जवळपास पूर्ण झाली. त्यानंतरचं बरंचसं काम सुधारणांचं आहे.

बेसबरोबर अँपही लागणार हे फेंडरला कळत होतं. १९५२ मध्ये त्याने बेसमन हा अँप आणला. पंधरा इंचांचा एक स्पीकर आणि साधारण २६ वॅट. छोट्या हॉलमध्ये ठीक, पण ड्रमवाला जोरात आला की संपलं. पुढं त्यात दहा इंचांचे चार स्पीकर आले आणि एक वेगळीच गोष्ट घडली: हा बेसचा अँप गिटारवाल्यांनी उचलला. वाढवला की तो गोड फाटायचा आणि गिटारला तेच हवं होतं. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात साठीच्या दशकाच्या सुरुवातीला पहिला मार्शल अँप तयार झाला, तो याच बेसमनच्या सर्किटवरून. म्हणजे रॉक गिटारचा तो गाजलेला आवाज मूळचा बेसच्या अँपमधून आलेला आहे. बेसवाला मात्र होता तिथंच राहिला.

त्याची बाजू घेतली एव्हरेट हल नावाच्या माणसाने. हल स्वतः डबल बेस वाजवायचा. डबल बेस जमिनीवर ज्या खुंटीवर उभा राहतो, त्या खुंटीत त्याने मायक्रोफोन बसवला. इंग्रजीत खुंटी म्हणजे पेग, म्हणून अँप्लिफाइड पेग, आणि त्यावरून कंपनीचं नाव अँपेग. १९६० मध्ये अँपेगचा बी-१५ निघाला, जेस ऑलिव्हरच्या रचनेचा. पंधरा इंची स्पीकरच्या पेटीचं झाकण उघडून उलटं बसवलं की त्यावरचे व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) वर येत. कार्यक्रम संपला की पुन्हा उलटं करून आत बंद. वॅट पंचवीस-तीसच, पण पेटी खर्जासाठी विचार करून बांधलेली. हलला फाटका आवाज आवडत नसे, त्याला स्वच्छ, गोल, लाकडी स्वर हवा होता. स्टुडिओतून आजही हा अँप जपून ठेवलेला दिसतो, त्याचं कारण हलचा हा हट्ट.

आता जेम्स जेमरसन. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठीच्या दशकातल्या कितीतरी रेकॉर्डवर याचा बेस आहे, आणि बेसच्या सामानावर बोलताना मी त्याच्यापाशी नेहमी जास्त थांबतो. त्याच्याकडे १९६२ चा प्रिसिजन बेस होता. त्यावर ला बेला कंपनीच्या चपट्या गुंडाळीच्या, म्हणजे वरून चपटी तार गुंडाळलेल्या, गुळगुळीत जाड तारा. त्या तो जवळजवळ कधीच बदलत नसे, तुटली तर तेवढी एक बदलायची. फेंडरच्या ब्रिजवर तेव्हा पत्र्याचं झाकण असे आणि झाकणाच्या आत तारांना टेकणारा फोम. बाकीचे वादक झाकण काढून फेकत. काही जण त्यात सिगारेटची राख झाडत, म्हणून त्या झाकणाचं नावच अॅशट्रे पडलं. जेमरसनने झाकण आणि फोम दोन्ही ठेवले. उजव्या हाताच्या फक्त पहिल्या बोटाने तो वाजवत असे.

या एकेका गोष्टीचं काम बघा. चपट्या गुंडाळीत बोटाची घसर ऐकू येत नाही. मळलेल्या जुन्या तारेत वरचे स्वरांश मेलेले असतात. फोममुळे स्वर उमटतो आणि लगेच विझतो, डग्ग्यावर थाप मारून हात ठेवावा तसा. लांबत नाही, म्हणून पुढच्या स्वराला जागा मिळते, आणि जेमरसनसारखा भराभर स्वर विणणारा माणूस चिखल न करता वाजवू शकतो. क्लबमध्ये तो बी-१५ वापरत असे, पण मोटाउनच्या स्टुडिओत त्याचा बेस अँपशिवाय थेट रेकॉर्डिंगच्या टेबलात जात असे. म्हणजे ज्या आवाजासाठी आज लोक व्हिंटेज अँप धुंडाळतात, त्यातला बराचसा भाग अँपमध्ये नव्हताच. तो बोट, तार आणि फोम यांच्यात होता. हे ऐकल्यापासून मी नवशिक्याला पैसे आधी तारांवर घालायला सांगतो.

इंग्लंडमध्ये याच्या अगदी उलट दिशेने काम चाललं होतं. द हू बँडच्या जॉन एंटविसलला बेस पियानोसारखा खणखणीत हवा होता. १९६६ मध्ये तारा बनवणाऱ्या रोटोसाउंडच्या जेम्स हाउबरोबर बसून त्याने गोल गुंडाळीच्या तारा आपल्या बेसवर जमवून घेतल्या. त्याच वर्षी लंडनच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्सचं ‘पेपरबॅक रायटर’ रेकॉर्ड करताना मॅकार्टनीच्या बेसपुढं मायक्रोफोनऐवजी एक मोठा स्पीकरच उलट्या कामाला लावला, कारण खर्जाची हवा झेलायला मोठा कागद हवा होता. त्याआधी तिथं बेस मुद्दाम कमी ठेवला जात असे. जास्त ठेवला तर ग्राहकाच्या घरी रेकॉर्डवरून सुई उडेल अशी भीती होती. बेसला खोलीत, मंचावर आणि तबकडीवर, तिन्ही ठिकाणी जागा भांडून मिळवावी लागली आहे.

गोल गुंडाळीच्या तारा खणखणीत, पण खरखरीत. पडदे झिजवतात, आणि पडदे नसलेल्या मानेचं लाकूड तर कानशीसारखं खातात. यावरचा उपाय फ्लोरिडाच्या जॅको पास्टोरियसने शोधला. त्याच्या १९६२ च्या जॅझ बेसचे पडदे काढलेले होते. त्या खाचा त्याने लाकूड भरायच्या लुगदीने बुजवल्या आणि वर बोटींना लावतात तो इपॉक्सीचा लेप थरावर थर दिला. काचेसारख्या कडक पृष्ठभागावर रोटोसाउंडच्या तारा, आवाज मुख्यतः मागच्या पिकअपचा. सरोदवर मींड घ्यावी तसा स्वर घसरतो, आणि तरी टोक बोथट होत नाही. बोटींच्या गावातला मुलगा होता, हाताशी जे होतं ते त्याने लावलं. १९७६ च्या त्याच्या पहिल्या अल्बमनंतर गावोगावच्या बेसवाल्यांनी आपापल्या वाद्याचे पडदे उपटले. त्यातले सगळेच बेस त्यातून वाचले असतील असं नाही.

मधल्या काळात अँपने अखेर बेसला गाठलं. १९६९ मध्ये अँपेगचा एसव्हीटी आला: ३०० वॅट, १४ व्हॉल्व्ह, नुसत्या हेडचं, म्हणजे स्पीकरशिवायच्या अँपचं, वजन ३८ किलोच्या घरात. खाली दहा इंचांच्या आठ स्पीकरची बंद पेटी, जिला तिच्या आकारामुळे सगळे फ्रीजच म्हणतात. तेव्हाच्या स्पीकरना ३०० वॅट झेपेनात म्हणून सुरुवातीला एका हेडखाली दोन फ्रीज लावत. रोलिंग स्टोन्सने त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात अँपेगचे हे नवे अँप मंचावर चढवले. इथं एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. २५ वॅटवरून ३०० वॅट म्हणजे बारापट शक्ती, पण कानाला तो आवाज दुपटीहून थोडाच जास्त वाटतो, कारण दुप्पट ऐकू यायला साधारण दहापट वॅट लागतात. एसव्हीटीने जो फरक पाडला त्यात व्हॉल्व्हइतकाच वाटा स्पीकरच्या एकूण कागदाचा होता. हवा ढकलायला क्षेत्रफळ लागतं. अँप घेताना वॅट विचारणारे पुष्कळ भेटतात, स्पीकरचं क्षेत्रफळ विचारणारा क्वचित.

याच्याही पुढं गेला तो अमेरिकेतला ग्रेटफुल डेड हा बँड. १९७४ मध्ये त्यांनी मंचावर सहाशेहून जास्त स्पीकरची भिंतच उभी केली. फिल लेशच्या बेसची रचना अशी की चारही तारांचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरना देता येई. हा थाट महिनोन्‌महिने वाहून नेणं परवडलं नाही. पण त्या गोतावळ्यातल्या अॅलेम्बिक कंपनीने बेसच्या पोटातच प्रीअँप बसवायला सुरुवात केली होती आणि ती कल्पना टिकली. १९७६ मध्ये लिओ फेंडर ज्या नव्या कंपनीत होता, त्या म्युझिक मॅनने स्टिंगरे काढला. त्यात नऊ व्होल्टची बॅटरी आणि खर्ज-तार वाढवायची सोय कारखान्यातूनच. प्रीअँपमुळे सिग्नल भक्कम होतो, लांब वायरमध्ये वरचे स्वर मरत नाहीत. न्यूयॉर्कच्या रॉजर सॅडॉव्स्कीने बेसवादक मार्कस मिलरच्या १९७७ च्या जॅझ बेसमध्ये असाच प्रीअँप घातला आणि ब्रिज बदलला. आज ज्याला आपण ‘मॉड’ म्हणतो त्याचा तो नमुनाच ठरला.

मुंबईत हे वाद्य आलं ते मुख्यतः हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातून, आणि ते वाजवणाऱ्यांत गोव्याकडचे वादक ठळक होते. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस नुसता कान देऊन ऐकावा. गाण्याची चाल तोंडात असते, आणि पाय मात्र बेसवर हलत असतात.

पुढचं थोडक्यात. ट्रान्झिस्टरने अँप हलका केला, या शतकात क्लास-डी सर्किटने आणि निओडायमियम चुंबकाच्या स्पीकरने आणखी हलका. एसव्हीटीएवढे वॅट आज दोन-तीन किलोच्या डब्यात खांद्याला अडकवून नेता येतात. पेटी मात्र फार लहान होऊ शकली नाही, ४१ हर्ट्झची लाट अजूनही आठ मीटरच्या वर लांब आहे. म्हणून बऱ्याच मंचांवर अँप येतच नाही. साउंडवाला डीआय बॉक्स पुढं सरकवतो, बेस थेट मिक्सरमध्ये जातो, मोटाउनच्या स्टुडिओत जात असे तसाच, आणि वादक इअरफोनवर स्वतःला ऐकतो.

माझ्या बेसला गेली काही वर्षं चपट्या गुंडाळीच्या त्याच तारा आहेत. पावसाळ्यात मान थोडी पुढं वाकते, तेव्हा अॅलन की घालून ट्रस रॉडला (मानेच्या आतल्या सळईला) पाव फेरा देतो, दिवाळीनंतर परत सैल करतो. आणि ब्रिजपाशी, तारांच्या खाली, भांडी घासायच्या नव्या स्पंजाची बोटभर पट्टी कापून बसवली आहे. चार तारांना सारखी टेकेल अशी ती कापायला तीन स्पंज गेले.